सुजाताची वाली मीटिंग

जून सरत आला की आमच्या फ्लॅटची बेल वेळी-अवेळी वाजायला लागते. बारावीचा निकाल लागून गेलेला असतो, प्रवेश परीक्षेचे मार्कही हातात पडलेले असतात, आणि बडोद्याच्या गोरव्यातल्या आमच्या सोसायटीत ज्या घरात सायन्सचं मूल आहे तिथून कोणी ना कोणी आमच्याकडे येतंच. दार मी उघडतो. समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत बघतो आणि विचारतो, "सुजाताबेन छे?" कोयलीच्या रिफायनरीत माझं अर्धं आयुष्य गेलं, सोसायटीचा सेक्रेटरी होऊन झालं, पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंतची सगळी भांडणं मी निस्तरली, पण या दिवसांत मला काळं कुत्रं विचारत नाही. मी दार उघडायचं, पाणी द्यायचं आणि चहा टाकायचा. खरं सांगतो, वर्षभरात एवढ्या आनंदानं मी दुसरं कुठलंच काम करत नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या जयश्रीबेन आल्या होत्या, मुलीला घेऊन. मुलगी सोफ्याच्या कडेवर बसलेली, जयश्रीबेन काळजीत. "एने तो मॅथ्स छे, बायोलॉजी नथी लीधुं. फार्मसीमां चाले?" सुजातानं हसून सांगितलं की चालतं. फिजिक्स आणि केमिस्ट्री तर हवंच. तिसरा विषय गणित असो नाहीतर बायोलॉजी, बी.फार्मचं दार दोघांनाही उघडं आहे. फक्त गणितवाल्यांना पहिल्या सहामाहीत बायोलॉजीचा एक जादा विषय करावा लागतो, आणि बायोलॉजीवाल्यांना गणिताचा. मग तिनं बोटांवर आठ सेमिस्टर मोजून दाखवली. शरीररचना आधी, औषधाचं रसायन मग, झाडपाल्यातून औषध कसं काढतात ते, गोळी कशी बांधतात ते, कायदा, आणि शेवटी प्रोजेक्ट. सोफ्याच्या कडेवरची मुलगी हळूहळू मागे सरकून नीट टेकून बसली. जयश्रीबेननी आणखी एक विचारलं. "अने डिप्लोमा करीने पछी डिग्रीमां जवाय?"

"ए तो मने ज पूछो," सुजाता म्हणाली.

मी ओट्यापाशी आलं किसत होतो. ते वाक्य कानावर आलं आणि किसणी हातात तशीच राहिली. तो सगळा पावसाळा, ओल्या ॲप्रनचा आणि स्पिरिटचा वास घेऊन, एकदम स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

सुजाताचं माहेर बडोद्याजवळच्या पादऱ्याचं. बारावीनंतर तिनं दोन वर्षांचा डी.फार्म केला, कारण दोन वर्षांत नोकरी लागते हे तिच्या घरी सगळ्यांना पटलं होतं. मार्क इतके चांगले पडले की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला असता. पण तोवर आमचं लग्न ठरलं आणि ती बडोद्याला आली. मग घडियाळी पोळेच्या, त्या जुन्या वस्तीच्या, तोंडाशी असलेल्या एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर ती उभी राहिली ती राहिलीच. ऋचा झाली, मोठी झाली. माझ्या आईवडिलांची आजारपणं झाली. घराण्यात आमच्याकडे मूळचा शिपाईबाणा, पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. पण उभं राहायची खरी ताकद पाहिली ती मी बायकोच्या पायांत.

काउंटरवर एकदा एक बाई गोळ्यांची पट्टी परत घेऊन आली. प्रत्येक गोळीचा वरचा पापुद्रा टोपीसारखा सुटून आलेला. "बेन, आ आवुं केम थाय छे?" सुजातानं पट्टी बदलून दिली, माल परत पाठवला. उत्तर कुठूनच आलं नाही. घरी येऊन ती मला म्हणाली, "त्या बाईनं विचारलं असं का होतं, आणि मला सांगता आलं नाही. कंपनीची चूक आहे एवढंच मालक म्हणाले. पण कुठली चूक? ओलावा राहिला? दाब जास्त झाला? इतकी वर्षं मी विकतेय आणि मला माहीत नाही." मग एका रविवारी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, मी डिग्री करू का? मला आता विकायचं नाहीये. मला बनवायचंय."

मी म्हटलं, "कर की." एवढं सोपं उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही. वय चाळिशीच्या पुढे गेलं होतं, पण नियमात वयाची वरची मर्यादा नव्हती. डी.फार्म झालेल्यांसाठी दुसऱ्या वर्षाच्या जागा थोड्या, आणि त्याही डिप्लोमाच्या मार्कांवर. जुने मार्क अजून चांगलेच होते. मार्क शिळे होत नाहीत हे एक बरं असतं.

दुकानाचे मालक मात्र कासावीस झाले. फार्मासिस्ट म्हणून सुजाताचं सर्टिफिकेट त्यांच्या भिंतीवर लावलेलं होतं, आणि त्याशिवाय दुकान चालवता येत नाही. माणूस वाईट नव्हता, पण जगाची रीत त्याला ठाऊक होती. "सुजाताबेन, तमे कॉलेज जाव ने. सर्टिफिकेट भले अहीं रह्युं." दर महिन्याला काहीतरी पोचतं करायचीही तयारी होती. पुष्कळ जण असं करतात. सुजातानं स्टूल ओढलं, वर चढली, फ्रेम काढली, पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "भींत उपर हुं, ने काउंटर उपर कोण?" ती फ्रेम स्कूटरवर मांडीत घेऊन मीच घरी आणली. वाटेत सिग्नलला शेजारचा रिक्षावाला ती वाचत होता. मी जरा तिरकी धरली, त्याला नीट दिसावी म्हणून.

प्रवेशाच्या कागदांत एक कागद असा होता की त्याचं नाव ऐकूनच आमच्या बाईसाहेब तापल्या. शिक्षण मध्ये सुटलेलं असेल तर त्या काळात काय करत होता, याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याला म्हणतात गॅप एफिडेव्हिट. कोर्टाजवळ निलगिरीखाली टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टनं चष्म्यावरून विचारलं, "गॅपमां शुं कर्युं?" सुजातानं सांगायला सुरुवात केली. काउंटर, ऋचा, सासऱ्यांचा लकवा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दिवाळीचा फराळ, पुन्हा काउंटर. टायपिस्टची बोटं हवेत थांबली. मग त्यानं तीन शब्द बडवले, "घरकाम अने नोकरी." तिनं वाचलं, झोकात सही केली, आणि फाटकाबाहेर आल्यावर माझ्यावर बरसली. "गॅप म्हणे! एक दिवस तरी रिकामा गेला होता का माझा?" त्या कागदाचा राग माझ्यावर निघतोय हे कळत होतं, आणि ती इतक्या तावातावानं बोलतेय म्हणजे कॉलेज नक्की, हेही कळत होतं.

जुलैत कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी तिनं पांढरा ॲप्रन कडक इस्त्री करून पिशवीत घातला आणि केसांना तेल लावायचं का नाही यावर मायलेकींची चर्चा झाली. वर्गातल्या पोरी तिला आधी आंटी म्हणाल्या, मग बेन, आणि महिन्याभरात माशी, म्हणजे मावशी. बाकावर शेजारी रिद्धी नावाची मुलगी बसायची, आमच्या ऋचाहून थोडीच मोठी. सुजाता तिला डब्यातली थालीपीठं द्यायची आणि ती सुजाताला मोबाइलवर नोट्स कशा घ्यायच्या ते शिकवायची. डिप्लोमावरून येणाऱ्यांना दोन जादा विषय करावे लागतात, कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशन स्किल्स. दुसऱ्या विषयाचं नाव ऐकून मी हसत सुटलो. जिनं इतकी वर्षं तापानं फणफणलेल्या, पैशावरून घासाघीस करणाऱ्या, डॉक्टरचं अक्षर घेऊन रडकुंडीला आलेल्या माणसांशी बोलण्यात काढली, तिला आता बोलायचं कसं ते शिकवणार. पण ती संध्याकाळी येऊन शांतपणे म्हणाली, "मला आवडला तो तास. आपण बोलतो ते बरोबर का होतं, ते आज कळलं." माझं हसणं तिथंच आवरलं.

आणि मग फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग हा विषय आला. त्याचा अभ्यासक्रम बघून मी खुर्चीत बसल्या बसल्या उडालोच. पंप, पाइपमधला प्रवाह, डिस्टिलेशन, बाष्पीभवन, गंज. अरे, हे तर माझं घर! म्हटलं, सुजाता, आता पुस्तक मिटव आणि माझ्यासमोर बस. पुढचे कित्येक दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर मी उलट्या वाटीचा बॉयलर केला, पेल्याचा कॉलम केला, कढीलिंबाच्या काडीनं वाफेची लाइन दाखवली. ऋचा म्हणायची, "बाबा, आईला शिकवताय की रिफायनरीच्या मेमधल्या शटडाऊनचं सांगताय?" आमच्या कामात तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून बसलं की डोकेदुखी, ते मिश्रण मोडायचं, ही आमची कटकट. सुजाताच्या शास्त्रात तेच मिश्रण मुद्दाम करायचं, आणि मोडू द्यायचं नाही. खलात तेल आणि डिंकाची पूड घेऊन, पाणी एकदम ओतून, ती झपझप एकाच दिशेनं घोटून दाखवायची; आणि मिश्रण जमलं की खलातून चटचट असा बारीक आवाज यायचा. "ऐका, ऐका," म्हणून ती खल माझ्या कानाशी धरायची. तेलपाण्यात इतकी वर्षं काढून तो आवाज मी पहिल्यांदा घरी ऐकला.

घराचीच प्रयोगशाळा झाली होती. थर्मामीटरला ओलं मलमल बांधून ती हवेतला दमटपणा मोजायची आणि कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते सांगायची. बटाट्याचा कीस पंख्याखाली पसरून दर थोड्या वेळानं काट्यावर तोलायची. आधी भराभर वजन उतरतं आणि मग कसं रेंगाळतं, त्याची रेघ ग्राफ पेपरवर काढायची. रव्याच्या, मैद्याच्या, बेसनाच्या चाळण्या एकावर एक रचून तिनं मिठाचे कण वेगळे केले. त्या महिन्यात आमच्या आमटीत मीठ कधी जाडं पडायचं, कधी पिठासारखं. मी मुकाट्यानं जेवत होतो.

माझ्या शिकवणीचं पितळ ऑगस्टच्या तोंडी परीक्षेत उघडं पडलं. परीक्षक सरांनी सुजाताला विचारलं की गाळून आलेला माल तपासणीत नापास झाला तर काय कराल? हिनं ताडकन उत्तर दिलं, "स्लॉपच्या टाकीत टाकायचा आणि पुन्हा सुरुवातीपासून चालवायचा. काही वाया जात नाही." सरांनी पेन खाली ठेवलं. "कोणे शिखवाड्युं?" हिनं सांगितलं, मिस्टर रिफायनरीत आहेत, तिथं बिघडलेलं तेल त्याच टाकीत जातं. सर इतके हसले की शेजारच्या लॅबमधला प्यून डोकावून गेला. मग त्यांनी समजावलं. हे औषध आहे, डिझेल नाही. नापास माल लाल लेबल लावून, कुलपात, वेगळा ठेवायचा. का बिघडला ते सापडेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या मालात तर मिसळायचाच नाही.

घरी येऊन तिनं पिशवी आपटली. "तुमच्या नादी लागले ना मी!" मी म्हटलं, अगं पण आमच्याकडे असंच करतात, आणि बघ, किती चांगलं तत्त्व आहे. मी भावनेच्या भरात वाहत गेलो. म्हटलं, तुझीच इतकी वर्षं घे, ती वाया कुठे गेली, पुन्हा चालवायला घेतलीच ना आपण? तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मी नापास माल होते का?" त्यानंतर दोन आठवडे इंजिनिअरिंगचा तास बंद झाला, आणि वाटी, पेले, कढीलिंब आपापल्या जागी परत गेले.

गणपती गेले आणि बडोद्यात चिकनगुनिया आला. घरोघर माणसं भिंत धरून चालत होती. सुजाताला असा ताप भरला की ती पाणीसुद्धा मागेना. ताप गेला, पण सांधे धरले. मनगटं सुजली, बोटं मिटेनात. सकाळी नळ फिरवता यायचा नाही, ब्रशवर पेस्ट ऋचा लावून द्यायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या औषधांची वेळ सांभाळलेली बाई पलंगावर बसून आपल्या हातांकडे बघायची, आणि मला ते बघवायचं नाही. तिला दुखण्याची भीती नव्हती. रिद्धी रोज फोनवर सांगायची की आज कुठलं प्रॅक्टिकल झालं, आणि सुजाता ते ऐकून डोळे मिटायची. डिग्रीत हजेरी ऐंशी टक्के लागते. विषयाविषयाला वेगळी, थिअरीला वेगळी आणि प्रॅक्टिकलला वेगळी. त्याखाली गेलं की परीक्षेला बसता येत नाही, आणि वर्ष हातचं जातं. तिच्या वयाला वर्ष जाणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पुन्हा घरातलं काहीतरी निघेल, पुन्हा कुणाचं आजारपण, आणि मग कोणी म्हणेल की आता राहू दे. कोणी कशाला, तीच म्हणेल. मला त्याचंच भय वाटत होतं.

मग मोबाइलवर कॉलेजचा मेसेज आला. हजेरी कमी असलेल्या विद्यार्थ्यांच्या वालींनी शनिवारी हजर राहावं. वाली म्हणजे पालक. बडोद्यात शाळा-कॉलेजात हाच शब्द चालतो. सुजातानं मेसेज दाखवला आणि म्हणाली, "आता माझे पालक कुठून आणू?" पादऱ्याला आईवडील थकलेले. मी म्हटलं, "मी आहे की." तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "या. पण तिथं भाषण करू नका."

इस्त्रीचा शर्ट घालून मी गेलो. हॉलमध्ये आईबापांच्या रांगा, आणि भिंतीला टेकून माना घातलेली पोरं. शेजारी पादऱ्याहून आलेले एक गृहस्थ बसले होते, हातात हेल्मेट. त्यांनी विचारलं, "तमारे बाबो के बेबी?"

"घरवाळी," मी म्हणालो.

"ए पछी आवशे? पण भणे छे कोण?"

"ए ज भणे छे." म्हटलं, शिकतेय ती तीच.

त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि "वाह भाई!" म्हणून पुढच्या रांगेला सांगितलं. पुढच्यांनी त्याच्या पुढच्यांना. सुजाताचं नाव पुकारलं जाईपर्यंत सगळा हॉल वळून वळून बघत होता. भिंतीशी सुजाता ओढणीत हात लपवून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव की घरी चला, मग बघते.

विभागप्रमुख मॅडम सुजाताहून लहान होत्या. त्यांनी विचारलं, "सुजाताबेनना वाली?" मी उभा राहिलो. "आप एमना?" म्हटलं, हजबंड. हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत, आणि तेव्हाच त्या मला आवडल्या. त्यांनी सुजाताला पुढे बोलावलं आणि तिच्यापुढे रजिस्टर धरलं, इतर पोरांपुढे धरलं होतं तसंच. मायक्रोबायोलॉजीचं आणि इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल, दोन्ही ऐंशीच्या खाली. डॉक्टरचं सर्टिफिकेट त्यांनी वाचलं, आदरानं परत दिलं आणि सांगितलं की त्यानं टक्के वाढत नाहीत. राहिलेली सगळी प्रॅक्टिकल्स केली तर ऐंशीला जेमतेम पोचता येईल. "हवे एक पण प्रॅक्टिकल छूटवुं न जोइए. तो ज परीक्षामां बेसवा मळशे."

माझ्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. ही बाई कशी आहे, काय काय करून इथवर आली आहे, हिच्यासाठी नियम जरा वाकवायला काय हरकत आहे. सुजाताचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. ती म्हणाली, "मॅडम, एक पण नहीं छूटे." तिच्यासाठी नियम वाकवावा असं तिला वाटतच नव्हतं. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो मला लपवता आला नसता, म्हणून मी खाली बघत एवढंच म्हणालो, "हुं मूकवा आवीश."

आणि सोडायला मी रोज गेलो. शिफ्ट बदलून घेतल्या. कंट्रोल रूममधल्या मित्रांनी माझ्या वाटच्या संध्याकाळी भरल्या. रस्त्यांवरचं डांबर पावसानं उखडलेलं, प्रत्येक खड्ड्याला मागून हुंकार ऐकू यायचा, आणि मी स्कूटर बैलगाडीसारखी चालवायचो. ती प्रयोगशाळेत जायची, मी समोरच्या टपरीवर सेवउसळ खात बसायचो. खिडकीतून ती दिसायची. पिपेट तिनं दोन्ही हातांनी धरलेली असायची. रिद्धी मदतीला पुढे झाली की ती मानेनंच नाही म्हणायची. मायक्रोबायोलॉजीत मात्र तिचा हात चांगला चालला. तारेची बारीक कडी ज्योतीत लाल करून, गार करून, प्लेटवर अलगद रेघा ओढायच्या; त्याला जोर लागत नाही, नुसती नजर आणि सबुरी लागते. दुसऱ्या दिवशी त्या रेघांवर जंतूंचे टिपके उगवून यायचे. तिची प्लेट मॅडमनी वर्गात फिरवली, असं रिद्धीनं मला सांगितलं. सुजातानं नव्हतं सांगितलं.

नवरात्र आलं. बडोद्यातली बाई आणि गरबा नाही, असं होत नाही, आणि सुजाता तर गरब्याची वेडी. त्या वर्षी सोसायटीच्या चौकात टाळ्या पडत होत्या आणि ती बाल्कनीत गरम पाण्याच्या तसराळ्यात हात बुडवून, समोर पुस्तक उघडं ठेवून बसली होती. पाय मात्र खुर्चीखाली ताल धरत होते. मी म्हटलं, जरा वेळ जा खाली, टाळी नको वाजवू. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी. आता हे हात परीक्षेचे आहेत."

एकही प्रॅक्टिकल सुटलं नाही. दिवाळीनंतर ती परीक्षेला बसली, सगळ्या विषयांत पास झाली, आणि मी लिलो चेवडा, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, घेऊन प्लांटवर गेलो. ऋचाच्या दहावीला मी पेढे नेले होते. तेव्हा मुलं शिकतातच असं धरून सगळ्यांनी ते खाल्ले. या वेळी मात्र गोष्ट दहा वेळा सांगायला लागली. मी प्रत्येक वेळी ती थोडी वाढवून सांगितली. अजूनही सांगतो.

आता ती पादऱ्याजवळच्या एका कारखान्यात आहे. ज्या गावातून लग्न होऊन निघाली त्याच गावाला रोज सकाळी कंपनीच्या बसनं जाते. गोळ्यांच्या विभागात यंत्रातून पडणारी गोळी चिमटीत घेऊन बघते, वजन, जाडी, टणकपणा तपासते, आणि तिची सही झाल्याशिवाय माल पुढे सरकत नाही. एकदा एक बॅच तिनं अडवली. पापुद्रा सुटत होता. वरचे लोक घाईत होते, पण ही हलली नाही. यंत्राचा दाब जास्त पडतोय हे शोधून काढलं तेव्हा घरी येऊन मला त्या काउंटरवरच्या बाईचं नाव घेऊन म्हणाली, "आता सांगता आलं असतं." मी त्या बाईला कधी पाहिलं नाही, पण तिचे माझ्यावर उपकार आहेत.

चहा घेऊन मी बाहेर आलो तेव्हा जयश्रीबेनची मुलगी सुजाताला विचारत होती की हजेरीचं खरंच इतकं कडक असतं का. सुजातानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ते यांना विचार." त्या दिवसांत पहिल्यांदाच मला कोणी काही विचारत होतं. मी खुर्ची ओढली आणि तिला शेवटच्या वर्षाची गोष्ट सांगितली.

शेवटच्या सेमिस्टरला पुन्हा वाली मीटिंग लागली. सुजाता घरी काही बोलली नाही; बोलायचं कारणच नव्हतं, तिची हजेरी पूर्ण होती. मला कळलं ते पादऱ्याच्या त्या गृहस्थांकडून. त्यांच्या चिरंजीवांचे प्रताप तसेच चालू होते आणि आमची मैत्री झालेली होती. त्यांनी फोन केला, "आवो छो ने?" मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जाऊन पहिल्या रांगेत बसलो. मॅडमची नावं संपली, रजिस्टर मिटलं, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"जगतापभाई, तमे? एमनी हाजरी तो पूरी छे. तमने तो बोलाव्या ज नथी."

"एटले ज आव्यो, मॅडम," मी म्हणालो. "जरा मोटेथी वांची संभळावो ने."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला, रजिस्टर उघडून तिचं पान काढलं आणि एकेका विषयाची हजेरी मोठ्यानं वाचली. मी उभं राहून ऐकली.